भाच्याच्या चार्टात द्राक्ष नाही



आज डावणी, भुरी, बाजारभाव यातलं काहीच लिहीत नाही. आज खाण्याबद्दल लिहितोय. विषय वेगळा वाटेल, पण आपल्या धंद्याशी आणि आपल्या पोरांशी, दोन्हीशी त्याचा संबंध आहे.

मागच्या आठवड्यात ऐन काढणीत नाशिकला काम निघालं. पिंपळगावकडून ओझर, आडगाव करत द्वारकेला पोचलो. मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड एकाच जागी येऊन भेटतात, त्यामुळं तिथं गाडी किती वेळ उभी राहते हे सगळ्यांना माहीत आहे. माझा भाचा तिथंच जवळ खोली घेऊन राहतो. कॉलेज संपलं, एका कंपनीत लागलाय, संध्याकाळी जिमला जातो. अंग चांगलं कमावलंय, उगाच कशाला नाही म्हणू. बहिणीनं निघताना सांगितलं होतं, "दादा, जातोच आहेस तर पोराला द्राक्षं दे." म्हणून थॉमसनची चार किलोची पेटी भरून नेली होती.

पेटी टेबलावर ठेवली. पोरगं म्हणालं, "मामा, मी नाही खात. रूमपार्टनर खाईल."

"का रे, दात दुखतोय का?"

"नाही हो मामा. चार्टमध्ये फळं बंद आहेत. सरांनी सांगितलंय. फळात साखर असते, तिची चरबी होते."

भिंतीवर चार्ट चिकटवलेला होता. सकाळी ओट्स आणि अंड्याचा पांढरा भाग. दुपारी चिकन आणि भात मोजून. संध्याकाळी पावडर, रात्री पुन्हा पावडर. खाली लाल पेननं लिहिलेलं: गूळ, साखर, फळं बंद. शेजारी पावडरचा दोन किलोचा डबा, साडेपाच हजाराचा. त्यातले दोन हजार बहीण दुधाच्या पगारातून पाठवते. डब्यावर पिकलेल्या आंब्याचं झकास चित्र. म्हणजे आंबा चालत नाही, आंब्याच्या वासाची पावडर चालते.

आणि त्या डब्याच्या मागं मेडिकलमधून आणलेली पोट साफ व्हायच्या चूर्णाची बाटली. विचारलं तर म्हणाला, "दोन-तीन महिने झाले, पोट नीट साफ होत नाही." खाली रस्त्यावर पेरूची हातगाडी उभी होती. पोरगं रोज तिच्या समोरून मेडिकलला जातं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला रागच आला. त्याच दिवशी व्यापाऱ्यानं माझ्या लोकल मालाला किलोला तीस रुपये सांगितले होते. मनात हिशेब केला, तो एक डबा म्हणजे माझी १८३ किलो द्राक्षं. पण मी द्राक्ष विकणारा माणूस. मी म्हणणारच की फळं खा. तेव्हा माझं म्हणणं तुम्ही जरा पारखूनच घ्या. मीही रात्री घरी आल्यावर स्वतःचं म्हणणं पारखून बघितलं.

आधी पोराच्या बाजूचं

फळात साखर असते हे खरं आहे, आणि ते आपल्याइतकं कोणाला माहीत असणार? आपण रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत फिरणारी माणसं. ब्रिक्स १८ आला म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम विरघळलेले घटक, आणि त्यात बहुतेक साखरच. म्हणजे अर्ध्या किलोचा एक घड बसल्या बसल्या खाल्ला तर पोटात ऐंशी-नव्वद ग्रॅम साखर गेली. पिकलेली केळी तर द्राक्षाच्याही पुढं जातात. पेरू, पपई, कलिंगड बरीच खाली, साधारण ८ ते १२ ब्रिक्सच्या आसपास. त्यामुळं "फळ आहे, कितीही खा" हे आपलं नेहमीचं वाक्य बरोबर नाही. मोजूनमापून खाणाऱ्या पोरानं साखरेचा हिशेब विचारला तर तो मूर्ख ठरत नाही.

दुसरं, फळानं दंड भरत नाही. १०० ग्रॅम द्राक्षात प्रोटीन एक ग्रॅमही नाही, पाऊण ग्रॅमच्या आत. वजन उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागं दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं असं आज बहुतेक जाणकार धरतात. ७० किलोच्या पोराला ११२ ग्रॅम. ते द्राक्षातून मिळवायचं म्हटलं तर रोज सोळा किलो द्राक्षं खावी लागतील. तेवढी तर बेदाण्याच्या शेडवरचा माणूसही खाणार नाही. स्नायूचा माल अंडी, दूध, मटण-चिकन, मासे, डाळी, शेंगदाणे, सोयाबीन यातूनच येणार. जुन्या तालमीतही पैलवानाचा खुराक म्हटला की दूध, तूप, बदाम आधी. केळ्याचं शिकरण असायचं, पण दुधाच्या जोडीला.

म्हणून फळ खाऊन बॉडी होते असं मी म्हणत नाही. फळ बंद करून बॉडी चांगली होते, हे मात्र मला पटत नाही. का, ते आपल्या भाषेत सांगतो.

चार्ट कोणत्या अवस्थेचा आहे?

काढणीच्या आधी आपण बागेचं पाणी कमी करतो. गोडी भरावी, माल टिकावा म्हणून. ते त्या अवस्थेचं काम आहे. उद्या कोणी खरड छाटणीपासून पुढच्या काढणीपर्यंत बारा महिने तसंच पाणी तोडून ठेवलं तर आपण त्याला काय म्हणू? वेल मारायला निघालाय म्हणू.

स्टेजवर उतरणारा शरीरसौष्ठवपटू स्पर्धेआधीचे काही आठवडे असंच करतो. अंगावरची चरबी शेवटच्या थरापर्यंत उतरवायची असते. दिवसाचं खाणं इतकं कमी केलेलं असतं की प्रत्येक घास मोजावा लागतो. मग भात, पोळी, फळ सगळ्यालाच कात्री लागते. फळ विष आहे म्हणून ते काढत नाहीत, ताटात जागा उरलेली नसते म्हणून काढतात. तेही अनुभवी माणसाच्या नजरेखाली, आणि स्पर्धा झाली की परत सुरू.

माझ्या भाच्याला कुठल्याच स्पर्धेत उतरायचं नाही. त्याला शर्ट अंगात भरलेला पाहिजे, बस. त्याच्या हातात शेवटच्या पंधरवड्याचं शेड्यूल पडलंय आणि ते तो वर्षभर चालवतोय. शेजाऱ्याच्या प्लॉटचं शेड्यूल अवस्था न बघता आपल्या प्लॉटला मारणारे शेतकरी आपण बघितलेत. हे त्यातलंच.

साखर जाते कुठं?

द्राक्षाच्या साखरेत साधारण अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज. ग्लुकोज स्नायू थेट वापरतात. फ्रुक्टोजचं काम मुख्यतः यकृतात होतं. जिमवाल्यांची भीती या दुसऱ्या अर्ध्याची आहे: यकृतात गेलं की त्याची चरबी.

पण यकृत आणि स्नायू ही साखरेची गोदामंही आहेत. प्रौढ माणसाच्या यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंत चारशेच्या आसपास साठा बसतो, अंगकाठीप्रमाणे कमी-जास्त. रात्रभर उपाशी राहिलं की यकृताचं गोदाम बरंच रिकामं होतं. तासभर लोखंड उचललं की स्नायूंचंही काही प्रमाणात होतं. रिकाम्या गोदामात माल आला तर तो आधी आत रचला जातो. गोदाम भरलेलं असताना वरून ट्रकवर ट्रक आले, म्हणजे दिवसभराचं एकूण खाणं गरजेच्या वर गेलं, तर उरलेल्याची चरबी होते. मग ती साखर फळातली असो, भातातली असो की पावडरच्या शेकमधली.

२५०-३०० ग्रॅम द्राक्षं म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी. दिवसाला अडीच हजार कॅलरी खाणाऱ्या, घाम गाळणाऱ्या पोराला ती जड नाहीत. शिवाय फळात पाणी असतं, तंतू असतात, चावायला वेळ लागतो. माणूस थांबतो.

रसाचं मात्र वेगळं. द्वारकेच्या आसपास ज्यूस सेंटर कमी नाहीत. एका ग्लासात तीन-चार मोसंब्या, चोथा बाहेर, वरून साखर, बर्फ. दोन मिनिटांत खाली. त्याला फळ म्हणू नका. पोरांना बंद करायचंच असेल तर हे बंद करा आणि मोसंबी सोलून खा.

नुसता युरिया

आता कृषी सल्लागार मित्रांना आवडेल असं एक. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नत्र असतं. प्रयोगशाळेत चाऱ्याचं किंवा धान्याचं प्रोटीन काढताना नत्र मोजून ६.२५ नं गुणतात, ते यासाठीच. म्हणजे जिममधला पोरगा दिवसभर प्रोटीन, प्रोटीन करतो तेव्हा तो आपल्या भाषेत नत्राच्या मागं लागलेला असतो.

नत्र लागतंच. त्याशिवाय काडी नाही, पान नाही. पण नुसतं नत्र टाकलेली बाग कशी दिसते? हिरवीगार, लांब पेऱ्यांची, रस्त्यावरून बघणारा म्हणतो वा. आत जाऊन बघितलं तर काडीत घड कमी आणि पहिल्या ओल्या हवेत डावणी. लिबिगचा नियम आपण सगळ्यांनी मेळाव्यात ऐकलाय: जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी, तेच उत्पादन ठरवतं. पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तिथंपर्यंतच भरणार.

माणूस म्हणजे वेल नव्हे, हे मान्य. धडधाकट माणसाला थोडं जास्त प्रोटीन लगेच बाधतं असंही मी म्हणत नाही. पण भाच्याच्या पिंपाची आखूड फळी प्रोटीनची नाही. ती तंतूंची आहे, भाजी-फळांची आहे. चूर्णाची बाटली हेच सांगत होती. त्याचा इलाज आणखी एक स्कूप हा नव्हे.

पेरू घ्या. १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅमच्या वर तंतू, आणि क जीवनसत्त्व इतकं की एका मध्यम पेरूत दिवसाची गरज भागून उरते. हे क जीवनसत्त्व डाळी, हरभरा, पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत करतं. जे पोरगं मांसाहार करत नाही, त्यानं तर उसळीच्या जेवणाबरोबर पेरूच्या दोन फोडी ठेवायलाच पाहिजेत. केळ्यात पालाश भरपूर, आणि जिमच्या आधी खायला त्याच्याइतकं सोपं, स्वस्त काही नाही. खिशात मावतं, धुवायलाही लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरीच्या ताटात रोज १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्यात, आणि प्रोटीनच्या पावडरी टाळा असंही म्हटलंय. जास्त मेहनत करणाऱ्याचं ताट मोठं, तर फळाचा वाटाही थोडा मोठा. एवढं साधं आहे.

आणि नुसतं पुस्तकातलं नको असेल तर कोलकात्याचे मनोहर आयच बघा. १९५२ चे मिस्टर युनिव्हर्स. उंची पाच फुटाच्या आत. २०१६ मध्ये १०४ व्या वर्षी गेले. त्यांचं खाणं भात, डाळ, मासे, भाज्या, फळं, दूध असं साधंच होतं. एका माणसावरून नियम होत नाही, आपण एका झाडावरून प्लॉटचं उत्पादन काढत नाही. पण फळ खाल्लं की बॉडी जाते, या म्हणण्याला एवढं उदाहरण पुरे.

भाच्याचा दुसरा प्रश्न

यातलं बरंचसं मी त्याला रात्री फोनवर सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "मामा, साखरेचं सोडा. तुम्ही छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या करता ते मी लहानपणापासून बघितलंय. त्या पेटीचा रेसिड्यू रिपोर्ट आहे का?"

मंडळी, इथं मी गप्प झालो.

माझ्या एक्स्पोर्टच्या प्लॉटचा रिपोर्ट आहे. ग्रेपनेटवर नोंद, लॅबला नमुना, त्याशिवाय युरोपचा कंटेनर हलत नाही. २०१० चं साल आपण विसरलो नाही. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं लिहोसिन, त्याचे अंश युरोपात सापडले आणि माल अडकला. कितीतरी घरं त्या वर्षी खाली आली. त्यानंतर आपण शिकलो. पीएचआय पाळायला शिकलो, एमआरएलचा तक्ता भिंतीवर लावायला शिकलो.

पण भाच्याला नेलेली पेटी लोकल प्लॉटची होती. तिचा रिपोर्ट नव्हता. शेवटची फवारणी कधीची ते मला माहीत होतं, अंतर पाळलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. माझ्या भाच्याला माझ्या शब्दावर विश्वास ठेवता येईल. द्वारकेच्या पुलाखाली गाडीवरून अर्धा किलो घेणाऱ्याला कोणाचा शब्द आहे?

मिठाच्या पाण्यात धुतलं की सगळं जातं, असं आपण सांगतो. धुतल्यानं धूळ आणि वरवरचं बरंचसं जातं, धुवायलाच पाहिजे. पण आंतरप्रवाही औषध धुऊन निघत नाही. त्याला एकच उपाय, काढणीपूर्व दिवस पाळणं. आणि ते आपल्या हातात आहे, गिऱ्हाइकाच्या नाही.

साखरेच्या भीतीनं फळ सोडणाऱ्याला मी उत्तर देऊ शकतो. औषधाच्या भीतीनं सोडणाऱ्याला उत्तर द्यायचं तर आधी माझ्या वहीत ते असायला पाहिजे. पोरांची चूक दाखवताना आपली झाकून चालणार नाही.

मग काय ठरलं?

भाच्याशी तडजोड झाली. पावडर त्यानं सोडली नाही, मीही हट्ट धरला नाही. दोन वेळची एक वेळ केली, आणि दुसऱ्या वेळी घरून पाठवलेले शेंगदाणे, उकडलेले हरभरे आणि दूध. सकाळी एक पेरू, सालीसकट. जिमच्या आधी एक केळं. द्राक्षं हंगामात वाटीभर, जिम करून आल्यावर, ज्यूस नाही. एक महिना करून बघायचं, वजन आणि उचललेलं वजन दोन्ही वहीत लिहायचं. आपण ट्रायल प्लॉट घेतो तसं. महिन्यानं काय झालं ते इथंच लिहीन, माझ्या विरुद्ध गेलं तरी लिहीन.

ज्याला शुगर आहे किंवा किडनीचा त्रास आहे, त्यानं मात्र माझ्या किंवा जिमच्या सरांच्या सांगण्यावर जाऊ नये. त्याचं फळ कोणतं आणि किती हे त्याच्या डॉक्टरनं ठरवावं.

आणि माझ्यापुरतं मी ठरवलंय. येत्या हंगामात लोकल प्लॉटचाही एक नमुना लॅबला टाकणार. खर्च आहे, तीस रुपयांच्या भावात तो टोचतो. पण फवारणीची वही आणि तो कागद पेटीबरोबर देता आला, तर द्वारकेला टेबलावर पेटी ठेवताना मान वर राहील. तुमच्यापैकी कोणी लोकल मालाला असं करत असेल तर खर्च किती येतो आणि व्यापारी त्याचे दोन रुपये जास्त देतो का, ते सांगा. एकट्यानं करण्यापेक्षा गटानं केलं तर परवडेल असं वाटतंय.

उद्या सकाळी उरलेल्या दोन ओळींची काढणी. भेटू.